पंख्यावरची नावं आणि रजिस्टरातल्या सह्या

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जा आणि वर्गात बसल्यावर एकदा वर बघा. पंखा असेल, आणि पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात नाव असेल. कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ, सौजन्य तमुक. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही आणि थांबला की वाचायला वेळच वेळ. आमच्याकडे भारनियमनाची कृपा असल्याने देणगीदारांची नावं पोरांना पाढ्यांसारखी पाठ असायची. चौथीतला एक पोरगा तर नव्याने आलेल्या शिक्षकांना सगळ्या वर्गांतल्या पंख्यांचे मालक सांगत फिरायचा.

मी नोकरी केली ती बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होतो. त्यामुळे ‘लोकसहभाग’ हा शब्द मी जेवढा ऐकला आणि लिहिला, तेवढा देवाचं नावही घेतलं नसेल. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख विचारणार, ‘गुरुजी, यंदा लोकसहभाग किती?’ हे ‘किती’ म्हणजे रुपये. मग आम्ही सांगणार: एलईडी टीव्ही एक, पाण्याची टाकी एक, बोलक्या भिंतींचा रंग, यात्रेतून उरलेल्या पैशातून कंपाऊंडचं गेट. आकडा जितका मोठा, तितका गुरुजी कर्तबगार.

या देणग्यांना मी नाक मुरडणार नाही. गळक्या पत्र्याखाली शिकवलं आहे, त्यामुळे पत्र्याची किंमत कळते. यात्रेत तमाशाचा एक फड कमी आणून ते पैसे शाळेला देणारी गावं मी पाहिली आहेत, आणि तसा निर्णय गावकीत होणं ही सोपी गोष्ट नसते. पण एक निरीक्षण आहे. गावाने पत्रा घातला की सरकार पत्रा घालायचं विसरतं. पुढच्या वर्षी रंगही गावानेच द्यावा अशी अपेक्षा असते, त्याच्या पुढच्या वर्षी संगणक. ज्या गावाकडे देण्यासारखं असतं त्याच्या शाळेला आयएसओ मानांकन मिळतं आणि ती फोटोत येते. ज्या तांड्यावर, वस्तीवर द्यायला काहीच नसतं, तिथला गुरुजी बैठकीत मान खाली घालून बसतो. त्यात त्याचा काय दोष, हे कुणी विचारत नाही.

दुसरं निरीक्षण जरा अवघड जागेचं आहे. पंख्यावर ज्यांची नावं असायची, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची. व्हॅन आमच्या गेटसमोरूनच वळायची. माणसं वाईट नव्हती. शाळेवर त्यांचं प्रेमही होतं, कारण ती स्वतः तिथेच शिकली होती. पण त्यांचं नातं शाळेच्या भूतकाळाशी होतं. वर्गात आज जी पोरं बसली होती, त्यांचे आईबाप शाळेच्या कार्यक्रमांत कोपऱ्यात उभे राहायचे. सत्काराचे हारतुरे चालू असताना त्यांच्यातल्या बायका पदर डोक्यावर घेऊन दरवाजापाशी, आणि आत कुणी ‘बसा’ म्हटलं की ‘इथंच बरंय’.

कायद्याने मात्र शाळा या कोपऱ्यातल्यांच्या हाती दिली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीचं. समितीतले पाऊणशे टक्के, म्हणजे चारातले तीन सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. अध्यक्ष पालकांतला. मुख्याध्यापक फक्त सचिव. शाळेच्या कामकाजावर देखरेख करायची, विकास आराखडा बनवायचा, आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं, ही समितीची कामं. पंख्याचा उल्लेख कायद्यात कुठेही नाही. देणगी देईल तोच सदस्य, असंही कुठे म्हटलेलं नाही. पालक असणं एवढीच पात्रता.

मग होतं काय? महिन्याला एक बैठक व्हायला हवी, आणि कागदावर ती होतेच. प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, म्हणून सातवीतलं एखादं चुणचुणीत पोरगं इतिवृत्ताचं रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतं. ‘काकू, सही करा.’ काकूंचे हात पिठात असतात. ‘कशाची रं?’ ‘मीटिंगची.’ ‘कवा झाली?’ ‘आजच.’ काकू पदराला हात पुसतात आणि सही करतात. असे दृश्य मी इतक्या गावांत पाहिलंय की त्यात आता कुणाला काही वावगं वाटतही नाही. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मराठीत सर्वांत जास्त वेळा कुठे लिहिले गेले असतील, तर अशा रजिस्टरांत.

यात बायकांना अडाणी म्हणून मोकळं होणं फार सोयीचं आहे. बैठकीची वेळ बघा ना. सकाळी अकरा, कामाचा वार. खुरपणीला जाणारी बाई अकरा वाजता शाळेत आली तर तिचा दिवसाचा रोज बुडाला. गुरुजींना त्या बैठकीचा पगार मिळतो, सरपंचाला मानधन आहे, तिला मात्र बैठक अंगावर पडते. आणि पदरमोड करून आल्यावर तिला ऐकायला काय मिळणार? परिपत्रकाचं वाचन. मी तिच्या जागी असतो तर मीसुद्धा सही घरीच केली असती.

पूर्वी हे जमायचं कसं, असा विचार मनात आला की मला मूठभर धान्य आठवतं. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळांना राज्याचा आधार नव्हता. तिथे १९०८ साली पणजीत मुष्टिफंड नावाची संस्था उभी राहिली. नावातच तिची रीत आहे: घरातल्या बाईने रोजचा तांदूळ शिजायला टाकण्याआधी एक मूठ बाजूला काढायची, आणि साठलेलं शिक्षणासाठी द्यायचं. इकडे साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह थाटलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, स्वतःच दळायची, रांधायची. गावोगाव हिंडून भाऊराव धान्य गोळा करत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं, हे तर साताऱ्याकडे पोराटोरांना माहीत आहे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं.

शाहू महाराजांची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड बसवला. त्या काळचा रुपया. राज्याने हात वर न करता स्वतःच्या खजिन्यातून शाळा उघडल्या, आणि मगच पालकाला जाब विचारला. क्रम महत्त्वाचा आहे. आज आपण पालकाला जाब आधी विचारतो, शौचालयाला पाणी मागाहून देतो.

मुष्टिफंडाच्या त्या मुठीत मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. मूठ रोजची होती. एकदाच पंखा देऊन नाव लिहून मोकळं होण्याची सोय तिच्यात नव्हती. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या मनात दिवसातून दोनदा शाळा यायची. घर गरीब असो वा बरं, मूठ सगळ्यांची सारखीच. नाव कुठे लिहायचं, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

आता आमच्या पट्ट्याकडे येतो. इथली निम्मी गावं दसरा-दिवाळीच्या सुमाराला रिकामी होतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवराबायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपं, हा हिशोब लहान पोरालाही ठाऊक असतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, नाही तर खाली कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजरीची पोती, शेळी, आणि त्यावर लेकरं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मधला सगळा गाभाच हे लोक गावात नसतात. पालक-शिक्षक भागीदारीवरची जी भाषणं आम्ही प्रशिक्षणात ऐकायचो, त्यांत पालक गावात असतो हे गृहीत धरलेलं असायचं.

मुलं जी मागे राहतात ती म्हातारीच्या जिवावर. एकेका म्हातारीकडे तीन-तीन, चार-चार नातवंडं. दोन मुलीची, दोन मुलाची. तिचे गुडघे धरलेले, दिसायला कमी, आणि पहाटे उठून ती भाकरी थापते म्हणून पोर साडेदहाला शाळेत असतं. आपल्या शाळांची पटावरची उपस्थिती या म्हाताऱ्यांनी टिकवली आहे. एकाही पंख्यावर कुणा म्हातारीचं नाव मी पाहिलेलं नाही.

सरकारने यासाठी हंगामी वसतिगृहं काढली, ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची. नाव वसतिगृह असलं तरी पुष्कळ ठिकाणी पोरं शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवतात आणि रात्री आजीकडे जाऊन झोपतात. योजना चांगली आहे, अगदी मनापासून सांगतो. ज्या गावात ती नीट चालली, तिथली पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली नाहीत. जी गेली त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना वयाप्रमाणे वर्गात घेतात. कार्ड आम्ही दिली. किती पोरांनी ती खिशाबाहेर काढली, हा वेगळा विषय. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहणारं आठ वर्षांचं पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन अनोळखी गावातल्या शाळेच्या दारात उभं राहील, अशी कल्पना कार्यालयात बसूनच करता येते.

माझ्या डोळ्यांसमोर खरा बदल घडला तो एका मेळाव्यात. २०२२ पासून राज्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा घेतात, ‘पहिले पाऊल’ नावाने. शाळेच्या पटांगणात सात टेबलं मांडायची. नोंदणीचं एक, मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी असं एकेक, शेवटच्या टेबलावर पालकांना मार्गदर्शन. मूल आईचं बोट धरून एकेका टेबलावर जातं, उड्या मारतं, रंग ओळखतं, मणी ओवतं, आणि आईच्या हातात विकास पत्र पडतं. काय येतं, कशाला मदत लागेल. मग गल्लीतल्या चार-पाच आयांचा गट करायचा आणि जूनच्या दुसऱ्या मेळाव्यापर्यंत घरीच खेळातून तयारी करून घ्यायची. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमाराला, म्हणजे आमच्याकडे टोळ्या नुकत्याच परतलेल्या.

गणनपूर्व तयारीच्या टेबलाशी एक बाई आली. हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे तसेच. मुलगी जेमतेम साडेपाच वर्षांची. टेबलावरच्या ताईने मुलीपुढे चिंचोके ठेवले आणि ‘कमी कुठं, जास्त कुठं’ विचारलं. मुलगी गप्प. आई थोडा वेळ बघत राहिली, मग खाली उकिडवी बसली आणि चिंचोक्यांचे ढीग केले. ‘ही आपली गाडी, ही मामाची. कुणाच्या गाडीत मोळ्या जास्ती?’ मुलगी पटकन म्हणाली, ‘मामाच्या.’ ‘किती?’ ‘दोन.’ ताईने माझ्याकडे पाहिलं. मुलीला कमी-जास्तीतलं अंतर कळत होतं. ते तिने फडावर, रात्री ट्रक भरताना, मोळ्या मोजणाऱ्या आईच्या मागे फिरून उचललं होतं. त्या बाईने वर बघून विचारलं, ‘हे एवढंच असतंय व्हय शाळेत?’

हा प्रश्न मी पुढे अनेक शिक्षकांना सांगितला. काही हसले. मला त्यात विनोद दिसला नाही. चौथीत शाळा सुटलेली ती बाई इतकी वर्षं समजत होती की शाळेत जे चालतं ते आपल्या आवाक्यातलं नाही. त्या दिवशी तिला कळलं की त्यातलं बरंच काही ती रोज करते. पुढे जो आयांचा गट झाला, त्यात ती सगळ्यांत जास्त बोलायची. पुढच्या निवडीत ती समितीवर आली, कुणी नाव सुचवलं नसतानाही. स्वतः हात वर केला.

समितीची बैठक तोवर आम्ही रात्री साडेआठला घ्यायला लागलो होतो. जागा मारुतीच्या पारावर, कारण शाळेच्या बाकड्यांवर बसायला बायका संकोचायच्या. जेवणं आटपलेली, रोज बुडायचा प्रश्न नाही. पुरुष सुरुवातीला तंबाखू मळत लांब बसायचे. परिपत्रक मी दोन वाक्यांत उरकायचो. ते पूर्ण वाचायचंय असं आजवर कुणी म्हणालेलं नाही.

पहिला खरा प्रश्न आला तो तांदळाचा. पोषण आहाराचं माप काय आहे, असं एकीने विचारलं. पहिली ते पाचवी, मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. ‘शंभर ग्रॅम म्हंजी किती?’ किराणावाला तिथेच होता, त्याने दुकानातून वजनकाटा आणला. बायकांनी आपापल्या मुठीने तांदूळ टाकून बघितला. दोन मुठी आणि वर थोडासा. मग दुसऱ्या दिवसापासून शाळेत स्वयंपाकाच्या वेळी कुणी ना कुणी डोकवायला लागली. आमची स्वयंपाकीण आधी चिडली. तिला महिन्याचं मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर नाही, आणि वरून या चौकशा. पण डोकवायला येणारी बाई नुसती उभी राहते थोडीच. ती कांदा चिरायला बसायची. आठवड्याभरात दोघींचं मेतकूट जमलं आणि मानधन का रखडलं, हा प्रश्न समितीच्या पुढच्या बैठकीत त्याच बायकांनी मला विचारला. मुख्याध्यापक म्हणून हे सुखाचं नव्हतं, खरं सांगतो. पंखा देणारा माणूस असे प्रश्न विचारत नाही. त्याला नारळ, शाल आणि फोटो पुरतो. प्रश्न विचारणारा पालक मात्र दर महिन्याला येतो.

पाण्याच्या टाकीत शेवाळ आहे, चौथीच्या वर्गावर दोन महिने शिक्षक नाही, सरांनी पोराला वहीवर लाल रेघा का मारल्या आणि त्याचा अर्थ काय, मुलगी घरी येऊन वाचत नाही ती चूक कुणाची: असलं सगळं पारावर यायला लागलं. काही प्रश्न चुकीचे असायचे. काही भांडणं भावकीतली असायची आणि शाळेच्या नावाने बाहेर पडायची. एका बैठकीत तर बांधाच्या वादापायी दोन सदस्यांनी एकमेकांच्या पोरांच्या हजेरीवर आक्षेप घेतले. ते मिटवायला मला तासभर लागला. गाव शाळेत येतं तेव्हा आपल्या सगळ्या खोडींसकट येतं. फक्त चांगुलपणा आत घ्यायचा आणि बाकी गेटबाहेर ठेवायचं, असं होत नाही.

मग सप्टेंबरातल्या एका बैठकीत, चिंचोक्यांचे ढीग करणाऱ्या त्या बाईची सासू बोलली. ती सदस्यही नव्हती, सुनेसोबत आली होती. म्हणाली, ‘गुर्जी, टोळ्या दसरा झाला की हालतेत. तुमचं वसतिगृह दिवाळी उलटून गेल्यावर सुरू होतंय. मधल्या दिवसात लेकरं रातच्याला काय खातेत, ते कुनी इचारलंय का?’

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कार्यालयीन होतं: प्रस्ताव, मंजुरी, निधी. ते मी दिलं नाही. ठराव लिहायला घेतला. वसतिगृह टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावं, प्रस्ताव ऑगस्टमध्येच मागवावेत. सूचक सून, अनुमोदक शेजारची एक आई. एकीची सही, एकीचा अंगठा. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला, मंजुरी नेहमीसारखीच वरून यायची होती, ती त्या वर्षी थोडी आधी आली. तरीही टोळ्या निघाल्यावरच.

मधल्या दिवसांसाठी काय करायचं, ते पारावरच ठरलं. घरटी एक पायली ज्वारी. ज्याच्याकडे ज्वारी नाही त्याने सरपण, ज्याच्याकडे तेही नाही त्या घरातल्या बाईने एक दिवस भाकरी थापायला यायचं. पंखेवाल्यांपैकी एकाने सगळी ज्वारी एकटा देतो म्हणून सांगितलं, पाटी लावण्याच्या अटीवर. बायका म्हणाल्या, तुमचीबी पायलीच द्या. त्याने दिली.

वाद झाला तो दळणावरून. एवढी ज्वारी दळायची कुणी, आणि पैसे कुठून? अर्धा तास त्यात गेला. शेवटी गिरणीवाल्याने निम्म्या दराने दळून द्यायचं कबूल केलं, उरलेले पैसे शाळेच्या सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या निधीतून भागवायचे असं ठरलं आणि तो विषय क्रमांक पाच म्हणून इतिवृत्तात नोंदला. विषय क्रमांक सहा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीचा होता. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, म्हणून तो पुढच्या बैठकीत सर्वांत आधी घ्यायचं ठरलं.